चावलेला पाला

तिला कशाकशाची किळस यायची हे विचारण्यापेक्षा कशाची येत नाही ते विचारावं, एवढी ती यादी लांबलचक होती. ओल्या न्हाणीघरात पाऊल टाकायची, मोरीच्या जाळीत अडकलेल्या केसांची, बसमध्ये शेजारच्याच्या दंडावरच्या घामाची. कुणी बोट ओलं करून कागद उलटला की तो कागद ती चिमटीत धरायची. दर दोन वाक्यांमागे तोंडातून 'शी' निघायचं, म्हणून प्रयोगशाळेत तिच्यामागे सगळे तिला शीताई म्हणत. तिला ते ठाऊक होतं. नावं ठेवणाऱ्यांनी निदान हात धुवावेत, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आणि अशा बाईच्या वाट्याला काम काय आलं, तर उंदरांची पोटं चिरायचं.

पण तिथे मात्र तिला काही वाटत नसे. हातात मोजे, नाकावर फडकं, टेबलावर पांढरा कागद. लोक पोटाच्या दुखण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जी झाडपाल्याची औषधं घेत आले, त्यात खरंच काही आहे का, ते तपासायचं तिच्या विभागाचं काम. पांढरे उंदीर रात्रभर उपाशी ठेवायचे, तेही जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात. कारण उपाशी उंदीर आपल्याच लेंड्या खातो आणि पोट रिकामं राहत नाही. सकाळी वाकड्या नळीने घशातून औषध उतरवायचं, थोड्या वेळाने त्याच नळीने कडक अल्कोहोल. मग भूल देऊन त्यांना संपवायचं, जठर काढायचं, बाहेरच्या वळणावरून उघडायचं, धुवायचं आणि बुचाच्या पाटीवर टाचण्या लावून पसरायचं. औषध फुकट गेलं असेल तर त्या गुलाबी कातड्यावर लालभडक, काळपट पट्टे उमटलेले असत. औषधाने राखलं असेल तर जठर कोवळ्या पाकळीसारखं निघे. भिंगाखाली ते पट्टे मोजताना ती तासन्‌तास बसायची. आतून धुतलेलं पोट तिला माणसांच्या हातांपेक्षा स्वच्छ वाटायचं.

कितीतरी साली, मुळ्या, बिया येऊन गेल्या, पण डोळ्यांत भरावं असं एकही पोट निघालं नव्हतं. विभागप्रमुख हवालदिल झाले होते. नीटनेटके, अत्तर लावणारे, 'परंपरा' हा शब्द छातीवर हात ठेवून उच्चारणारे गृहस्थ. "मॅडम, आपल्या घरात आजीबाईचा बटवा असेलच ना कुणाचा तरी," ते एकदा म्हणाले. "बघा, आठवा."

तिला आठवली ती आत्या. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची, अप्पांची, मोठी बहीण. शीताईची आई तिच्या लहानपणीच गेली, तेव्हा नवऱ्यामागे एकटी राहिलेली आत्या भावाच्या घरी आली आणि तिनेच पोरीला वाढवलं. पोट दुखलं की आत्या स्वयंपाकघरात जाई आणि वाटीत हिरवा लगदा घेऊन येई. कुंपणावर माजलेल्या एका वेलीचा पाला असायचा तो; घरात तिला कुंपणवेलच म्हणत. बुळबुळीत, कोमट, किंचित गोडसर. चमचाभर गिळला की पोट शांत व्हायचं. अप्पांना तर वर्षानुवर्षांचा अल्सर. ते अजून रोज सकाळी तो लगदा घेत आणि बरं आहे म्हणत.

तिने पिशवीभर पाला आणवला. पाण्यात उकळून अर्क काढला, अल्कोहोलमध्ये काढला, सुकवून पूड केली. उंदरांना दिली. जठरं उघडली तर आत होळी पेटल्यासारखे पट्टे. औषध न दिलेल्या उंदरांत आणि यांत तसूभर फरक नाही.

तिने आत्याला फोन लावला.

"आत्या, तू तो पाला करतेस कसा?"

"कसा म्हणजे? बारीक करते."

"कशात? खलबत्त्यात?"

"छे, खलबत्त्यात कडू होतो."

"मग मिक्सरला?"

"पोरी, दूध उतू चाललंय," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

शीताईला हे खटकलं. आत्या दुधाच्या कारणाने फोन ठेवणाऱ्यांतली नव्हती. गॅसवर पातेलं करपलं तरी बोलत राहायची. म्हणून सुट्टीच्या दिवशी न कळवता तिने पहाटेची बस धरली आणि मागच्या दाराने घरात शिरली.

आत्या ओट्याशी पाठमोरी उभी होती. गाल फुगलेला, जबडा गाईसारखा सावकाश फिरत होता. समोर कुंपणवेलीची पानं, बाजूला वाटी. मग ती वाटीवर वाकली. ओठांतून हिरवा गोळा घरंगळला, त्यामागे फेसाळ लाळेची तार लोंबली, ताणली, तुटेना. आत्याने ती बोटाने तोडली आणि बोट वाटीच्या काठाला पुसलं.

"आत्या, काय करतेस तू हे?"

आत्या दचकली नाही. 'थांब' असा हात केला, उरलंसुरलं वाटीत थुंकली, हनुवटी मनगटाने पुसली आणि मग म्हणाली, "पाला बारीक करतेय. कळवून यायचं की. चहा टाकला असता."

"थुंकतेस तू त्यात."

"मग? माझ्या आजीने मला असंच शिकवलं. नुसता वाटलेला पाला पोटाला लागत नाही."

तिने विचारू नये ते विचारलं. "मला पण हेच द्यायचीस? लहानपणी?"

"तुला तर जास्त चावून द्यायचे. तुझ्या घशाला पानाच्या शिरा टोचायच्या," आत्या मायेने म्हणाली.

शीताई मोरीशी पोचेपर्यंत तिच्या पोटातून सगळं वर आलं होतं. बसमध्ये प्यायलेलं पाणी, कडू पित्त, आणि पाला तोंडात नसतानाही जिभेवर आलेली ती जुनी कोमट, गोडसर चव. तीच चव तिला आवडायची. पोट दुखत नसतानाही तिने कधीकधी दुखतंय म्हणून मागितलं होतं. ते आठवलं आणि ती पुन्हा ओकली.

मागून आत्या तिची पाठ चोळत होती. तो हातही तिला सोसवेना.

तेवढ्यात अप्पा आले. त्यांनी मुलीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि काय झालं ते ओळखलं. तरी खुर्चीत बसून त्यांनी वाटी पुढे ओढली, डोळे मिटले आणि चमच्याने सगळं गिळलं.

"अप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

"एका घरात राहतो आम्ही. मी काय आंधळा आहे?"

"आणि तरी खाता?"

"डोळे मिटून खातो की," अप्पा म्हणाले. "डॉक्टरच्या गोळ्याही खाऊन झाल्या. गोळ्या चालू तोवर बरं, सोडल्या की पुन्हा आग. हिच्या पाल्याने निदान झोप लागते. मग त्यात काय आहे नि काय नाही, कशाला उकरत बसू?"

"मी सिद्ध करून दाखवीन," शीताई म्हणाली. "याचा काडीचा उपयोग नाही हे मी सिद्ध करीन. मग तरी सोडाल ना?"

"सोडीन," अप्पा म्हणाले.

आत्याला राग यायला हवा होता, पण ती उलट खूश झाली. "तुझ्या उंदरांना करून घालू का मी? केव्हा येऊ, सांग."

पुढचे काही दिवस शीताईचे हाल कुत्रं खाईना. जेवायला बसलं की घास तोंडात फिरायचा आणि तिला आत्याचा जबडा दिसायचा. आपल्याच तोंडात साठणारी लाळ जाणवू लागली, गिळावीशी वाटेना, थुंकावीशीही वाटेना. दात घासून घासून हिरड्यांतून रक्त आलं. पण डोक्यातला तपासणारा भाग तिला गप्प बसू देईना. पाला उकळून पाहिला, वाळवून पाहिला; आत्या करते तसा कुठे पाहिला होता? तिने विभागप्रमुखांना सगळं सांगितलं.

त्यांनी आधी नाक मुरडलं, मग डोळे चमकले. "लाळेने पाल्यातलं औषध मोकळं होत असेल. मॅडम, आपले पूर्वज मूर्ख नव्हते. बोलवा त्यांना."

आत्या आली ती ठेवणीतले कपडे घालून, केसांना तेल चोपडून. तिच्या समोरच्या दातांत दोन खिंडी होत्या आणि उरलेले दात चहाने तपकिरी झालेले. शीताईने तिला काचेचा चंबू दिला आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पण कान बंद करता येत नाहीत. पाला चावण्याचा तो ओला चपचप आवाज, मधेच दातांतून ओढलेला वारा, मग 'थप्प'. प्राणीघर सांभाळणारे पिंजरेवाले काका कौतुकाने बघत होते.

"आजी, अजून थोडा," ते म्हणाले.

"आधी पाणी दे रे. तोंड कोरडं पडलं."

चंबू हातात घेतला तेव्हा तो गरम होता. मोज्यातूनही गरम लागला. शीताईने श्वास रोखून तो लगदा गाळला आणि उंदरांच्या घशात उतरवला. कोणत्या उंदराला काय दिलंय ते तिला मोजताना कळू नये म्हणून खुणा पिंजरेवाल्या काकांकडे ठेवल्या होत्या. जठरं टाचून झाली. तिने भिंग लावलं. काही लाल, पट्ट्यापट्ट्यांची. काही अशी की तिने पुन्हा पुसून पाहिली. कोवळी, नितळ, कुठे एखादी बारीक रेघ. इतक्या वर्षांत असं पोट तिने पाहिलं नव्हतं.

काकांनी खुणा वाचल्या. नितळ होती ती सगळी आत्याच्या पाल्याची.

विभागप्रमुखांनी आत्याचे दोन्ही हात हातात घेतले. आत्या शीताईकडे पाहून एवढंच म्हणाली, "सांगत होते ना."

शीताईला आनंद व्हायला हवा होता. पण एक गोष्ट राहून गेली होती. "सर, नुसती लाळ द्यायला हवी. पाल्याशिवाय."

"त्याची काय गरज?"

"पाल्याने झालं की लाळेने, कसं कळणार?"

ते नाइलाजाने हो म्हणाले. आत्या नुसतीच थुंकली, पाल्याशिवाय. तिला ते अपमानाचं वाटलं. काकांनीही दिली. आणि तुलनेला आणखी एक तोंड हवं म्हणून शीताईने स्वतः दार लावून, लिंबू आठवत आठवत, चंबूत आपली लाळ गोळा केली. तोंडात असते तोवर ती आपली. चंबूत पडली, फेस धरून काचेवरून ओघळू लागली, की कुठल्या परक्या माणसाची वाटते. तिने ती स्वतःची आहे हे माहीत असूनही हातभर लांब धरली.

तिन्ही गटांची जठरं नितळ निघाली. आत्याची लाळ, काकांची लाळ, तिची लाळ, सगळ्या सारख्याच. पाल्याने काही फरक पडत नव्हता. पाला नुसता सोबतीला होता.

तिने ग्रंथालयात शोधलं तर तेही नवीन नव्हतं. लाळेत जखम भरणारं काहीतरी असतं, पोटाच्या कातडीला ते मानवतं, हे लोकांनी आधीच लिहून ठेवलं होतं. कुत्रं जखम चाटतं ते काय उगीच? म्हणजे नव्याने सांगण्यासारखं एवढंच उरलं, की कुंपणवेलीत काही नाही.

विभागप्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी लिहायला घेतलेला लेख तिच्यापुढे सरकवला. त्यात थुंकी, लाळ, चावणं यांतला एकही शब्द नव्हता. 'पारंपरिक पद्धतीने संस्कारित केलेला पाला' असं लिहिलं होतं.

"संस्कारित म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे संस्कार झालेला."

"आणि नुसत्या लाळेचे गट?"

"ते कशाला? वाचणाऱ्याचा उगीच गोंधळ उडतो."

"सर, पाल्यात काही नाही."

"असं कसं म्हणता? पाला घातला होता की नाही? मग? यात खोटं काय आहे, सांगा." ते हसले. अत्तराचा भपकारा आला. "पुढच्या आठवड्यात अनुदानाची समिती येतेय. विभागाचं भलं होईल. तुमचंही. आणि तुमच्या आत्याबाईंच्या वेलीचंही नाव होईल."

ती हात धुवायला गेली आणि बराच वेळ धूत राहिली. वाटीतली लाळेची तार पाहून आली होती तीच किळस आता आली होती, पण यावेळी ओकून मोकळं होता येत नव्हतं. आत्या निदान वाटीत उघड थुंकत होती.

समिती आली. विभागप्रमुखांनी टेबलावर पांढऱ्या बशा मांडल्या होत्या आणि प्रत्येकीत मध घातलेला हिरवा लगदा. "आमचा संस्कारित पाला. चाखून बघा," ते म्हणाले. पाहुण्यांनी चाखला. एकाने दुसऱ्यांदा घेतला. समितीत एक पोटविकाराच्या डॉक्टरीणबाई होत्या. केस पांढरे, बोलणं तोडून. चमचा तोंडात असतानाच त्यांनी विचारलं, "संस्कारित म्हणजे नेमकं करतात काय?"

"पारंपरिक प्रक्रिया आहे, पिढ्यांपासून चालत आलेली," विभागप्रमुख म्हणाले.

"ते कळलं. पण करतात काय?" त्या शीताईकडे वळल्या. "हातचं काम तुमचं ना? तुम्ही सांगा."

शीताईने विभागप्रमुखांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी तिला दटावलं.

"माझ्या वडिलांना अल्सर आहे. त्यांच्यासाठी माझी आत्या पाला चावते आणि वाटीत थुंकते," ती म्हणाली.

ज्याने दुसऱ्यांदा घेतला होता त्याचा घास गालात तसाच राहिला. एक बाई रुमाल तोंडाशी नेऊन उठल्या. दुसऱ्या एका गृहस्थांनी कुंडी जवळ केली आणि मान खाली घालून तिच्यात सगळं परत केलं. खोलीभर मधाचा आणि आंबट असा एकत्र वास सुटला.

"हा बशीतला मिक्सरवर वाटलाय," शीताई घाईने म्हणाली. "यात थुंकी नाही. आणि म्हणून याचा काही उपयोगही नाही. जे काही होतं ते थुंकीने होतं. तेही नवीन नाही."

डॉक्टरीणबाईंनी एकट्यांनीच आपला घास गिळला आणि चमचा बशीत ठेवला. "म्हणजे तुमच्याकडे दाखवायला काही नाही," त्या विभागप्रमुखांना म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर विभागप्रमुख तिला म्हणाले, "तुम्ही चारचौघांत माझ्या तोंडाला काळं फासलंत." त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात अजून हिरवं लागलेलं होतं. तिने ते सांगितलं नाही. पुढच्या महिन्यापासून तिला प्राणीघरातून काढून विद्यार्थ्यांना शिकवायला पाठवलं. लेख काही छापून आला नाही. समितीतल्या कुणीतरी गोष्ट सगळीकडे केली होती, आणि मग विभागप्रमुख समोरून आले की लोक उगीचच घसा खाकरत.

पण त्या दिवशी निघताना डॉक्टरीणबाई जिन्यात थांबल्या होत्या. "तुमच्या वडिलांचा अल्सर किती जुना?"

"मी शाळेत होते तेव्हापासून."

"जंतूची तपासणी केलीय? पोटात राहणारा जंतू असतो, त्यानेच बहुतेक अल्सर होतात. नुसत्या आम्लाच्या गोळ्यांनी तो जात नाही. म्हणून गोळी सोडली की दुखणं परत येतं." त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि वळल्या. "तो तोंडातून तोंडात जातो. चावून भरवलं की जातो. आत्याबाईंनाही आणा. आणि तुम्हीही या."

तपासणीला शौचाचा नमुना लागणार होता. तिघांच्या नावांच्या तीन डब्या शीताईने घरी नेल्या. आपला नमुना त्या छोट्या चमच्याने उचलताना तिने डोळे मिटले, तर डबीबाहेर सांडलं. मग डोळे उघडे ठेवून पुन्हा केलं. उंदरांची पोटं रोज चिरणारी बाई, पण त्या दिवशी तिने आंघोळ तीनदा केली. आत्याने डबी झाकण न लावता आणून दिली. "बघून घे, पुरतंय का," ती म्हणाली.

तिघांच्याही पोटात जंतू निघाला.

"म्हणजे अल्सरही आत्याच्या तोंडातून आला आणि औषधही?" शीताईने विचारलं.

"असू शकेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लाळेने जखमेला आराम पडत असेल आणि त्याच लाळेतून जंतू जात असेल. कुणी कुणाला दिला ते आता सांगता येणार नाही. मी तरी शपथेवर सांगणार नाही. तुम्हाला मात्र लहानपणीच लागला असणार. मोठेपणी सहसा लागत नाही."

बसमध्ये शीताई खिडकीला टेकून बसली होती. साबण, ब्रश, मोजे, उकळतं पाणी. आणि एवढं सगळं करत असताना तो आत होता. तिच्या जठराच्या कातडीला चिकटून, तिच्याबरोबर शाळेत गेलेला, कॉलेजात गेलेला, भिंगाखाली उंदरांची पोटं बघत बसलेला. हिरव्या चमच्यातून आलेला. तिला आपलं पोट काढून बुचाच्या पाटीवर टाचावंसं वाटलं.

दोघांच्या हातून औषध पुरं व्हायचं नाही हे ओळखून तिने त्यांना आपल्या घरी आणलं. दोन आठवडे तिघांनी सकाळ-संध्याकाळ मूठमूठ गोळ्या गिळल्या. तोंडाला चोवीस तास लोखंड चोखल्याची चव. पाणीही तसंच लागायचं. अप्पांना जुलाब झाले, न्हाणीघर एक, आणि शीताई दाराबाहेर फिनेलची बाटली घेऊन उभी. आत्या खोकताना तोंडावर हात धरत नसे. बशीत चमचा ठेवण्याऐवजी चाटून टेबलावर ठेवी. शीताई दात आवळून सगळं उचलायची.

एके दिवशी गोळ्या घेता घेता आत्याचा बांध फुटला. "म्हणजे मीच याला आजारी पाडलं. असंच ना?"

"तसं कुणी म्हटलेलं नाही," शीताई म्हणाली.

"तू म्हणत नाहीस. तू बघतेस तशी."

ते खरं होतं.

"अक्का," अप्पा म्हणाले, "लहानपणी तू अर्धं खाऊन ठेवलेलं फळ मीच पळवायचो. तू कुठे भरवलंस? मी आपणहून खाल्लंय तुझं उष्टं."

आत्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "ते तू घ्यायचास? मी इतकी वर्षं समजत होते, मांजर नेतं."

"मांजर फळ खातं का गं?"

"मग मार मांजराला का पडायचा?"

दोघं भांडायला लागली, साठ वर्षांपूर्वीच्या फळावरून, तोंडात गोळ्या विरघळत असताना. आत्याच्या तोंडातून पांढरी पूड उडत होती. टेबलावर, अप्पांच्या बाहीवर, शीताईच्या मनगटावर. तिने मनगट पुसलं. किळस आलीच. ती कमी झाली नव्हती, आणि होईल असंही तिला वाटत नव्हतं. पण ती उठून गेली नाही.

पुन्हा तपासणी झाली तेव्हा अप्पा आणि शीताई मोकळे झाले होते. आत्याला आणखी एकदा औषध घ्यावं लागलं. तिने घेतलं, शिव्या देत घेतलं. अप्पांची आग थांबली. गोळ्या सोडल्यावरही थांबलेलीच राहिली, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच झालं.

मग एका रविवारी शीताई त्यांना भेटायला गेली. यावेळी कळवून गेली, पुढच्या दाराने गेली. आत्या ओट्याशी रिकाम्या हाताने उभी होती.

"पाला नको म्हणतो," ती म्हणाली. "दुखतही नाही म्हणतो. मग सकाळी उठून मी याच्यासाठी करू काय?"

खुर्चीतून अप्पा म्हणाले, "चहा कर, अक्का. साखर कमी घाल. आणि गोड झालाय का ते माझ्या कपाला तोंड लावून बघू नकोस."

"बरं बाई, फारच शहाणा झालास," आत्या म्हणाली आणि तिने आधण ठेवलं.